गेडचा रंग

उर्सुला के. ले ग्विन यांच्या 'अर्थसी' मालिकेची सचित्र, जपून ठेवण्याजोगी आवृत्ती घ्यायची तर कोणती, असे एका मित्राने विचारले. कागद, बांधणी, किंमत याबद्दल चार गोष्टी सांगून मोकळे होता आले असते. पण या पुस्तकाच्या बाबतीत माझी एक जुनी फसगत आहे, आणि ती सांगितल्याशिवाय माझ्या निवडीला अर्थ नाही.

'अ विझर्ड ऑफ अर्थसी' मी पहिल्यांदा वाचले ते हैदराबादेत, आबिड्सच्या रविवारच्या फुटपाथवरून घेतलेल्या जुन्या पेपरबॅकमध्ये. मुखपृष्ठावर काठी घेतलेला गोरापान तरुण होता. पुस्तक मी तीनदा तरी वाचले असेल. तिन्ही वेळा गॉन्ट बेटावर शेळ्या राखणारा आणि पुढे मोठा जादूगार होणारा गेड माझ्या डोळ्यांपुढे गोराच राहिला. लेखिकेने त्याला तांबूस-तपकिरी वर्ण दिला आहे. त्याचा जिवलग मित्र व्हेच त्याहून काळा आहे. गोरे आणि पिवळ्या केसांचे आहेत ते त्याच्या गावावर चालून येणारे कार्गी लोक. ले ग्विन यांनी हे मुद्दाम गाजावाजा न करता लिहिले. वाचकाने आधी गेडच्या मनात शिरावे, रंग नंतर कळावा. माझ्या बाबतीत एका मुखपृष्ठाने सगळ्या मजकुरावर मात केली. घरात सावळ्या विठोबाची तसबीर होती, तरी नायक गोराच असणार हे मला कुणी सांगावे लागले नाही. लहानपणीच्या चित्रकथांतून राजपुत्र उजळ आणि राक्षस काळा हे डोळ्यांना आधीच पाठ झाले होते.

हा दोष एकट्या माझ्या डोळ्यांचा नव्हता. २००४ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर 'अर्थसी'ची मालिका आली तेव्हा गेडची भूमिका गोऱ्या नटाला मिळाली, आणि ले ग्विन यांनी स्वतः लेख लिहून त्याचा निषेध केला. पुस्तकांच्या मुखपृष्ठांबद्दलही त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले होते. म्हणून 'अर्थसी'ची सचित्र आवृत्ती निवडताना माझा पहिला प्रश्न असतो, चित्रकाराने मजकूर वाचला होता का?

१९६८ मध्ये बर्कलीच्या पार्नासस प्रेसने काढलेल्या पहिल्या आवृत्तीत रूथ रॉबिन्स यांनी तो वाचला होता. त्यांच्या मुखपृष्ठावरचा चेहरा तांबूस-तपकिरी आहे आणि आतली चित्रे प्रकरणांच्या माथ्यावरची, लहान, काळी-पांढरी, लाकडी ठशाची आठवण करून देणारी आहेत. ती थोडेच दाखवतात. ही प्रत मिळाली तर कुणीही घ्यावी, पण ती आता श्रीमंत संग्राहकांच्या बाजारातली वस्तू झाली आहे. फोलिओ सोसायटीची २०१५ची, डेव्हिड लप्टन यांच्या चित्रांची आवृत्ती देखणी आहे, पण तिच्यात पहिलीच कादंबरी आहे. 'अर्थसी' तिथे थांबत नाही.

खरी निवड म्हणून उरतो तो 'द बुक्स ऑफ अर्थसी' हा २०१८चा ग्रंथ. पहिल्या कादंबरीच्या पन्नाशीला काढलेला, हजारेक पानांचा. त्यात सहाही पुस्तके, सुट्या कथा आणि १९९२चे ऑक्सफर्डचे व्याख्यान आहे. चित्रे चार्ल्स व्हेस यांची, पन्नासहून अधिक. व्हेस आणि ले ग्विन यांनी चारेक वर्षे मिळून काम केले. ड्रॅगन कसा दिसावा यावरच दोघांत बराच पत्रव्यवहार झाला. जानेवारी २०१८ मध्ये ले ग्विन गेल्या आणि ग्रंथ त्याच वर्षी नंतर आला. म्हणजे लेखिकेच्या डोळ्यांतला गेड कागदावर उतरण्याची ती शेवटची संधी होती, आणि व्हेस यांनी ती वाया घालवली नाही. त्यांचा गेड सावळा आहे, आणि त्यांचे सावळेपण कुठेही 'पाहा, किती वेगळा' असे ओरडत नाही.

तरीही माझी एक तक्रार आहे. व्हेस यांची रेषा फार सुंदर आहे. आर्थर रॅकहॅमच्या परंपरेतली, वळणदार, नक्षीकडे झुकणारी. समुद्र, झाडे, ड्रॅगनचे पंख यांना ती शोभते. पण पहिल्या कादंबरीचा गाभा आहे ती सावली, गेडने गर्वापोटी जगात सोडलेली, बिननावाची आणि बिनआकाराची. अर्थसीमध्ये एखाद्याचे खरे नाव कळले की त्याच्यावर सत्ता येते. चित्रही एका अर्थाने नाव ठेवणेच आहे. ज्याला कडा मिळाल्या त्याची भीती निम्मी होते. वाचताना ती सावली मला दारामागे जाणवायची. सुबक रेषेच्या सोबतीने ती कमी जाणवते. इथे मला रॉबिन्स यांचा कंजूषपणा अधिक शहाणा वाटतो. उलट 'तेहानू'सारख्या पुढच्या पुस्तकांत, जिथे चूल, शेळ्या, म्हातारपण आणि एका भाजलेल्या मुलीला सांभाळणे हीच गोष्ट आहे, तिथे चित्रांची सोबत हवीशी वाटते. युद्धाची आणि पराक्रमाची चित्रे काढायची सवय असलेल्या या साहित्यप्रकारात घरकामाला मिळालेली ही जागा मला मोलाची वाटते.

मित्राला मी व्हेसचीच आवृत्ती घ्यायला सांगितली. माझ्याकडेही तीच आहे. पडल्यापडल्या वाचायला गेले तर छाती दुखते, टेबलाशीच बसावे लागते. पण बारा वर्षांच्या भाचीने 'मावशी, मला दे ना' म्हटले तेव्हा मी तो ग्रंथ दिला नाही. आबिड्सची ती जुनी प्रत काढली, शाळेच्या पुस्तकांना घालतो तसे खाकी कव्हर घालून गोरा जादूगार झाकला आणि तिच्या हातात ठेवली. मोठा ग्रंथ तिला पहिली कादंबरी संपल्यावर मिळणार आहे. ती सध्या सहाव्या प्रकरणावर आहे.