चिमणीएवढा, गिधाडाएवढा

पुस्तकपरीक्षण हा काही माझा प्रांत नव्हे. आम्ही बी.कॉम., बँकेच्या काउंटरवरचे. परीक्षण करायचं ते चेकवरच्या सहीचं! पण डॉ. सलीम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ हे १९४१ साली निघालेलं पुस्तक मला आवडतं. कारण सोपं आहे, ते मला समजतं. पक्षी केवढा, हे ते ओळखीच्या पक्ष्याच्या मापानं सांगतं. शिंपी चिमणीहून लहान. खंड्या मैना आणि कबुतर यांच्या मधला. अनोळखी खातेदाराला जुन्या खातेदाराची ओळख लागते, तसंच हे.

जानेवारीतल्या एका रविवारी मी पुस्तक घेऊन सकाळीच परसात बसलो. जास्वंदीत शिंपी दिसला. नळापाशी शेपटी हलवत धोबी आला. सौ. म्हणाली, “शिंपी आला, धोबी आला, भांडी घासणारा पक्षी नाही का हो तुमच्या पुस्तकात?”

उत्तर टाळून मी दुपारी नांदूर मध्यमेश्वर गाठलं. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ २०२० साली रामसर यादीत गेलं, राज्यातलं पहिलंच. पाण्यावर थापट्या बदकं, काठाला शेकाटे. मनोऱ्यावर शेजारी उभ्या असलेल्या एका शाळकरी पोरानं पुस्तक मागून घेतलं, मोठ्या पक्ष्यांची पानं चाळली आणि विचारलं, “काका, गिधाडाएवढा म्हणजे केवढा?”

मी हात पसरले, पण अंदाज येईना. लहानपणी गावाबाहेर मेलेल्या ढोराभोवती गिधाडांची पंगत बसलेली मी पाहिली होती. या पोरानं एकही पाहिलं नव्हतं. गुरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅकनं, त्यांचं मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर बहुतेक गिधाडं संपली होती.

पुस्तकात दोष काढायचाच तर हा एक, आणि तोही पुस्तकाचा नव्हे. वाण्याचा तराजू जाग्यावर असावा आणि वजनच कुणी उचलून न्यावं, तशातली गत!

संध्याकाळी घरी येऊन परसातल्या चिमण्या मोजल्या. नऊ भरल्या.

पुन्हा मोजल्या. रोकड दोनदा मोजायची असते.