लोकशाहीची निर्यात

अलेक्सी द टॉकव्हिल या फ्रेंच ग्रंथकाराचा ‘अमेरिकेंतील लोकशाही’ हा ग्रंथ १८३५ व १८४० सालीं दोन भागांत प्रसिद्ध झाला. लोकशाहीचा विचार करूं पाहणारास तो आजहि टाळतां येत नाहीं.

ग्रंथाचें खरें मोल त्यांतील एका सिद्धांतांत आहे. लोकशाही म्हणजे केवळ निवडणुका व विधिमंडळ नव्हे. ती लोकांच्या अंगीं मुरलेली संवय होय. न्यू इंग्लंडमधील गांवसभेंत रस्त्याचा प्रश्न सोडवितांना, ज्यूरींत बसून शेजाऱ्याचा निवाडा करितांना, लहानमोठ्या संस्था चालवितांना सामान्य मनुष्य राज्यकारभार शिकतो. बहुमताच्या जुलुमाचा धोका टॉकव्हिलनें ओळखिला. गुलामगिरी व मूळ रहिवाशांची हकालपट्टी यांवरहि त्यानें पांघरूण घातलें नाहीं. फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी नष्ट करावी, असा अहवाल त्यानें १८३९ सालीं प्रतिनिधिगृहापुढें मांडला.

असा हा लेखक अल्जीरियाकडे वळला म्हणजे मात्र वाचकाची निराशा होते. फ्रान्सनें १८३० सालीं त्या देशावर स्वारी केली. १८४१ सालीं लिहिलेल्या निबंधांत, उभीं पिकें जाळणें आणि निःशस्त्र स्त्री-पुरुषांस व मुलांस पकडणें या गोष्टींस टॉकव्हिल दुःखद परंतु आवश्यक ठरवितो! तो काळच तसा होता, असा बचाव कोणी करील. पण त्याच काळीं, त्याच प्रतिनिधिगृहांत, आमेदे देजोबेर हा सभासद या वसाहतीस उघड विरोध करीत होता. तेव्हां दोष काळाचा नव्हे. समता सीमेपलीकडे नेण्याचें धैर्य लेखकास झालें नाहीं, हेंच खरें.

तथापि लेखकाची चूक दाखविण्यास त्याचाच सिद्धांत पुरेसा आहे. जी गोष्ट संवयीनें अंगीं बाणावयाची, ती तलवारीनें कोणास देतां येईल? २००३ सालीं इराकवर स्वारी झाली तेव्हां तेथें लोकशाही रुजविण्याची भाषा झाली. २००५ सालीं निवडणूक झाली, राज्यघटनाहि झाली. परंतु यादवी टळली नाहीं. गांवसभा बाहेरून आणून बसवितां येत नाहीं, हें टॉकव्हिलच्या वाचकास आधींच कळावयास हवें होतें.

म्हणून हा ग्रंथ त्याच्या कर्त्याविरुद्धहि वाचावा. तो वाचून परक्यांस लोकशाही शिकविण्याची हौस थोडी ओसरली आणि स्वतःच्या ग्रामसभेस हजर राहण्याची बुद्धि झाली, तर वाचन सार्थकीं लागलें असें समजावें.