एक रुपयाचं काम नाही

जुनी पिकअप विकायला काढलेला माणूस गिऱ्हाइकासमोर जे सात-आठ वाक्यांचं गद्य म्हणतो, त्याच्याकडे रसिकतेनं पाहण्याची आपल्याकडे पद्धत नाही. नाशिक जिल्ह्यात, टोमॅटो-कांद्याच्या पट्ट्यात, हे गद्य थोड्याफार फरकानं सगळीकडे सारखंच ऐकू येतं. गाडीला टेकून, एक हात बॉनेटवर ठेवून मालक बोलतो:

"सिंगल हँड गाडी आहे, अण्णा. इंजिनाला हात नाही लागलेला. पासिंग चालू, टायर ऐंशी टक्के. आजपर्यंत रस्त्यात उभं केलं नाही. घाटात दगा नाही. एक रुपयाचं काम नाही. आज घ्या, उद्या भाडं मारा."

एवढंच. मोटार विकणारा माणूस गाडीत काय काय आहे ते मोजून दाखवतो: पडदा, कॅमेरा, गार हवा. पिकअपवाल्याची स्तुती मात्र काय घडलं नाही यावर उभी आहे. हात लागला नाही, उभं केलं नाही, दगा नाही, काम नाही. नकारांची अशी माळ लावून केलेलं कौतुक मला विलक्षण भरवशाचं वाटतं, कारण त्यात विशेषण एकही नाही. 'मस्त', 'जबरदस्त' हे शब्द मध्यस्थी करणारा दलाल वापरतो. मालक वापरत नाही. वापरले तर समजावं की गाडीत काहीतरी आहे.

यातलं सगळ्यात जड वाक्य म्हणजे इंजिनाला हात न लागल्याचं. ते शब्दशः खरं नसतं आणि खोटंही नसतं. क्लच प्लेट बदललेली असते, वॉटर पंप, सेल्फ, पट्टा, व्हील बेअरिंग, एखादा यू-जॉइंट, सगळं होऊन गेलेलं असतं. पण यातलं काहीच या हिशेबात 'हात' धरत नाहीत. हेड उघडलं, रिंग-पिस्टन काढले, तर हात लागला. हा संकेत विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्यालाही, त्यामुळे फसवणूक होत नाही. या वाक्याला यंत्राचाही आधार आहे. बोलेरो पिकअपमध्ये वर्षानुवर्षं चालत आलेलं इंजिन २५२३ सीसीचं, चार सिलिंडरचं, आणि त्यातून काढलेली ताकद ७५ अश्वशक्तीच्या आसपास. निम्म्या आकाराची पेट्रोल इंजिनं आज यापेक्षा जास्त ताकद देतात. म्हणजे एवढ्या मोठ्या इंजिनाकडून फार मागितलेलंच नाही. ते कमी फेऱ्यांवर, मुख्यतः खालच्या जोरावर ओढत राहतं, घाई करत नाही, म्हणून टिकतं. २००५ साली आलेल्या टाटा एसनं नेमकं उलटं गणित मांडलं होतं: दोन सिलिंडर, ७०२ सीसी, पाऊण टन माल, गल्लीबोळात शिरणारी गाडी. 'छोटा हत्ती' शहराला पुरला. पण वीस-पंचवीस क्विंटल माल घेऊन रात्री घाट उतरायचा म्हटलं की शेतकरी आणि भाडेवाले आपसूक मोठ्या पिकअपकडे वळले.

घेणारा हे वाक्य ऐकतो आणि उत्तर देत नाही. तो वाकून ऑइलचं झाकण काढतो आणि चालू इंजिनाच्या त्या भोकावर तळहात धरतो. खालून वाफेसारखा धूर ढकलला जात असेल, तर पिस्टनच्या रिंगा थकल्या आहेत आणि हात लागायची वेळ जवळ आली आहे. समीक्षक असावा तर असा. मूळ पाठावर एक शब्दही न बोलता त्यानं तो तपासलेला असतो.

'रस्त्यात उभं केलं नाही' हे वाक्य समजायला रात्र डोळ्यांसमोर आणावी लागते. पिंपळगाव बसवंतला हंगामात टोमॅटोचा लिलाव वीस किलोच्या कॅरेटवर होतो. कोथिंबीर, मेथी, पालक संध्याकाळी भरतात आणि पहाटेच्या आत वाशीच्या बाजारात उतरवतात. मधे कसाऱ्याचा घाट. भरलेली गाडी तिथं ब्रेकवर सोडायची नसते, गिअरवर उतरवायची असते. चढताना ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये खाली आणायची, म्हणजे इंजिनच गाडीला मागं धरून ठेवतं आणि ब्रेक तापून पांगळे होत नाहीत. अशा रात्री अकरा वाजता गाडी बंद पडली आणि पहाटे पाचला दुरुस्त झाली, तर गाडीचं काही बिघडलं नाही असं मेस्तरी म्हणेल. कोथिंबिरीचं मात्र सगळं बिघडलेलं असतं. पिवळी पडलेली जुडी परत घ्यायला कुणी नसतं. म्हणून पिकअपच्या मालकाचा भरवसा बिघाडाच्या संख्येत मोजला जात नाही. बिघाड कुठं होतो, किती वाजता होतो आणि समोरच्या ढाब्यामागच्या मेस्तरीला तो पाना-पक्कडीनं निघतो का, यावर तो अवलंबून असतो. सीटमागं जादा पट्टा, होज पाइप, तारेचं वेटोळं, दोन फ्यूज ठेवणारा माणूस "कधी दगा नाही" म्हणतो, तेव्हा त्यात गाडीच्या बरोबरीनं त्याच्या तयारीचाही वाटा असतो. तो हे बोलून दाखवत नाही.

आता या गद्यात नसलेली गोष्ट. आराम. पाठीविषयी, बसण्याविषयी, गचक्यांविषयी एक अक्षर नाही. नवख्या गिऱ्हाइकानं विचारलंच, "चालवायला कशी आहे?" तर उत्तर येतं, "भरली की बसते." मला हे वाक्य आख्ख्या पाठातलं सर्वोत्तम वाटतं, आणि त्याची गोडी कळायला गाडीच्या खाली वाकावं लागतं.

मागच्या ॲक्सलवर पोलादाचे पाटे एकावर एक रचलेले असतात, सगळ्यात लांब वर, आखूड खाली, मधोमध सेंटर बोल्ट, आणि यू-बोल्टनी सगळं बंडल ॲक्सलला आवळलेलं. हे पाटे भरल्या हौद्याच्या मापाने ताठ केलेले असतात. हौदा रिकामा असला की त्याच ताठ पाट्यांवर जेमतेम वजन येतं. मग प्रत्येक खड्डा जलद, तीक्ष्ण उसळी होऊन थेट माकडहाडात उतरतो. त्यात पाट्यापाट्यांमधलं घर्षण. लहानसहान खाचेला पाटे एकमेकांवरून सरकतच नाहीत, जणू एकच जाड पट्टी असल्यासारखे वागतात. माल चढला की तेच पाटे लवतात, वजन वाढल्यानं गाडीची झोकांडी सावकाश होते, आणि मघाशी उड्या मारणारी पिकअप शहाण्यासारखी डोलत जाते. भरून जाताना डुलकी येते, रिकामं येताना झोप उडते, असं चालक सांगतात, त्यामागं एवढं यंत्रशास्त्र आहे. माणसांसाठी बनवलेल्या गाडीत ओझं वाढलं की आराम कमी होतो. इथं मालाशिवाय आरामच नाही.

पण आराम कुणाचा? टोमॅटोचा. हे मी गमतीनं म्हणत नाही. माल भरणारा हमाल आणि मालक यांचं बोलणं ऐकलं तर सुखसोयीची सगळी भाषा तिथं सापडते. नाजूक माल केबिनच्या अंगाला, टणक माल फाळक्याकडं, कारण ॲक्सलच्या मागं लोंबणारा हौद्याचा भाग सगळ्यात जास्त आपटतो. कोबी मागं चालेल, पिकायला आलेला टोमॅटो नाही. कॅरेट एकमेकांत बसली पाहिजेत, मधे फट नको, वरच्या थरावर ताडपत्री ताणून रस्सी अशी आवळायची की माल हलणार नाही पण चेपणारही नाही. सगळ्यात वरचं फळ सगळ्यात जास्त नाचतं, म्हणून वरच्या कॅरेटात किंचित कच्चा माल. एवढी काळजी ड्रायव्हरच्या सीटची कुणी घेतल्याचं ऐकिवात नाही. पोचल्यावरही पहिला प्रश्न "माल कसा आला?" हाच असतो, आणि "डाग नाही" हे उत्तर आलं की प्रवास सुखाचा झाला.

केबिनमध्ये डोकावलं की न बोललेला भाग वाचता येतो. ड्रायव्हरच्या सीटचा फोम उजव्या मांडीखाली खोलगट झालेला असतो. त्यावर लाकडी मण्यांचं आसन, त्याखाली चौपदरी केलेली गोणी, पाठीला विरलेला टॉवेल. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत होऊन एका कडेनं पत्रा चकाकत असतो. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास न ठेवणारे या रबरावर ठेवतात. गिअरच्या दांड्यापाशी उन्हाळ्यात इंजिनाची धग येते. या धगेची दखल घेणारा एक नियम आपल्याकडे झाला आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन-२ आणि एन-३ गटांतल्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं आहे. पण एन-२ गट मालासकट साडेतीन टनांच्या पुढं सुरू होतो, आणि बहुतेक पिकअप त्या रेषेच्या अलीकडंच थांबतात. एसी हवा तर पैसे भरून घ्यायचा. मोठ्या ट्रकवाल्याचा घाम सरकारला दिसला, छोट्याचा अजून दिसायचा आहे. तोवर काच खाली.

या गद्यातली एक लबाडीही सांगितली पाहिजे, नाहीतर रसग्रहणाची भाटगिरी होते. वजनाविषयी ते गप्प असतं. १.७ टनांच्या पिकअपमध्ये कायद्यानं वीस किलोच्या मालाची ८५ कॅरेट बसतात, कॅरेटचं स्वतःचं वजन धरलं तर त्याहून कमी. हंगामात महामार्गावर उभं राहून मोजा, शंभराच्या पुढं आकडा सहज जातो. ते पेलावं म्हणून गाडी घेतल्या घेतल्या कमानवाल्याकडं नेऊन एखादा जादा पाटा चढवून घेतात. आणि इथं हिशेब उलटा फिरतो. जादा पाटा म्हणजे मागचा भाग आणखी ताठ, म्हणजे रिकामी गाडी आणखी कडक. पंधरा-वीस कॅरेटच्या भाड्यासाठी मालक परतीच्या प्रवासातली आपली पाठ देऊन टाकतो. ताण पाट्यांवरच थांबत नाही, ब्रेक, बेअरिंग, टायर सगळ्यांवर जातो. घाटात ब्रेक तापतात ते अशाच गाड्यांचे. "घाटात दगा नाही" म्हणणाऱ्याच्या गाडीखाली वाकून जाणता माणूस पाटे मोजतो. कंपनीच्या पाट्यांमध्ये एकच वेगळ्या रंगाचा, नव्या पोलादाचा दिसला, तर त्या वाक्याला तो मनातल्या मनात थोडं कापून घेतो.

अलीकडं या पाठात एका नकाराची भर पडली आहे: "सेन्सरची भानगड नाही." एप्रिल २०२० पासून नवी गाडी बीएस-६चीच मिळते, त्यामुळे आधीची बीएस-४ विकणारा हे वाक्य ठासून म्हणतो आणि चार पैसे जास्त मागतो. यातला अर्धा भाग जुन्याची माया आहे, असं माझं मत. नव्या गाड्या धूर कमी ओकतात, थंडीत पहिल्या सेल्फला उठतात, स्टिअरिंग हलकं आहे, सीटही बरी आहे. आरामाच्या बाबतीत जुनीनं नवीशी स्पर्धा करू नये. तरीही मालकाची भीती खोटी नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, गाडी जोर धरत नाही, आणि ढाब्यामागचा मेस्तरी बॉनेट उघडून, हात पुसून म्हणतो, "दादा, हिला लॅपटॉप लावावा लागेल." लॅपटॉप तालुक्याला, तोही सकाळी दहानंतर. बिघाड कदाचित वायरच्या एका सैल टोकाएवढाच असतो. पण तो आता मालकाच्या आणि मेस्तरीच्या नजरेतून निघून गेलेला असतो, आणि भाजी हौद्यात असते.

पासिंगचं वाक्य कोरडं, पण त्यात वयाचा पुरावा आहे. माल वाहणाऱ्या गाडीला पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करून घ्यावी लागते. "पासिंग चालू" म्हणणाऱ्यानं "दोन वर्षांचं आहे" असं पुढं जोडलं नाही, तर गाडी आठाच्या पलीकडं गेली. बाकी त्यात रस काही नाही.

सगळं ऐकून झाल्यावर, ऑइलचं झाकण लावून, पाटे मोजून, घेणारा तो एक प्रश्न विचारतो ज्याचं उत्तर या पाठात नाही: "एवढी चांगली आहे, तर विकता कशाला?"

उत्तरं दोनच प्रकारची. एक, "मोठी घ्यायचीय." हे विकणाऱ्याच्या तोंडचं सर्वात मोठं प्रशस्तिपत्र, कारण या गाडीनं पुढच्या गाडीचा पहिला हप्ता कमावलेला असतो. दुसरं उत्तर जरा वेळानं, फाळक्याच्या साखळीशी चाळा करत येतं. "कंबर गेली हो. डॉक्टर म्हणे बसून राहायचं काम बंद करा." इतका वेळ गाडी, इंजिन, घाट, माल यांच्याविषयी बोललेला माणूस इथं पहिल्यांदा स्वतःविषयी बोलतो, आणि तेही गाडीत काही दोष नाही हे सिद्ध करण्यासाठी. गाडी धडधाकट आहे, मी नाही, म्हणून विकतोय. यापेक्षा चांगली हमी तो देऊ शकत नाही.

घेणारा पंचविशीचा असतो. तो मान हलवतो, मागच्या टायरला बुटाची ठोकर देतो आणि म्हणतो, "काका, ऐंशी टक्के काही दिसत नाहीत हो हे. साठ धरा, आणि मग बोला."