आठवणींसह मुक्ती : संत ऑगस्टीन यांचे ‘कन्फेशन्स’

प्रायश्चित्तकाळातील प्रवचनांतून संत ऑगस्टीन यांचे नाव हमखास कानी पडते. भरकटलेला तरुण, त्याच्यासाठी अश्रू ढाळणारी आई मोनिका, बागेत ऐकू आलेला आवाज आणि अखेरीस संतपद, असा त्या कथेचा साचा ठरून गेला आहे. ‘कन्फेशन्स’ हा मूळ ग्रंथ हाती घेतला म्हणजे मात्र हा साचा फार अपुरा वाटू लागतो. भूतकाळ पुसून टाकला की माणूस नवा होतो, असे हा ग्रंथ कोठेही सांगत नाही.

इ. स. ३९७ च्या सुमारास ऑगस्टीन यांनी हे लेखन आरंभिले. तेव्हा ते उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगरीचे बिशप होते आणि त्यांनी वयाची चाळिशी ओलांडली होती. ग्रंथाचे भाग १३ आहेत. त्याच्या लॅटिन नावात दोन अर्थ एकवटले आहेत : पापाची कबुली आणि परमेश्वराची स्तुती. सारे निवेदन देवाला उद्देशून आहे. आपण वाचक ते जणू आडून ऐकत असतो. त्यामुळे आत्मचरित्रात सहसा डोकावणारा आत्मसमर्थनाचा सूर येथे फारसा उमटत नाही. जो सर्व जाणतो, त्याच्यापुढे सारवासारव कशाची करावयाची?

वयाच्या सोळाव्या वर्षी मित्रांसह केलेल्या नासपतींच्या चोरीचा प्रसंग पाहावा. भूक नव्हती, फळेही विशेष चांगली नव्हती. बहुतेक डुकरांपुढे टाकली गेली. एवढ्याशा खोडीवर लेखकाने इतकी पाने का खर्ची घालावीत, असा प्रश्न अनेक वाचकांना पडतो. परंतु लेखकाला चोरीपेक्षा तिचे निष्कारणपण अधिक अस्वस्थ करते. एकटा असतो तर हे केले नसते, अशी कबुली तो देतो. पाप संगतीत वाढते, हे त्याला या झाडाखाली दिसले.

आणि परिवर्तनही संगतीतच घडले. ३८६ मध्ये मिलान येथील बागेत मुलाच्या स्वरात वाचण्याची आज्ञा ऐकू आली. ऑगस्टीन यांनी संत पौल यांचे रोमकरांस पत्र उघडले आणि मनातील झुंज शमली. हा क्षण विलक्षण खरा. पण त्यामागे बिशप अँब्रोज यांची प्रवचने होती, वृद्ध सिम्प्लिसियानस यांचा सल्ला होता, आणि बागेत जवळच बसलेला मित्र अलिपियस होता. ३८७ च्या पुनरुत्थान सणाला त्यांना स्नानसंस्कार मिळाला. कृपा माणसांच्या हातून पोहोचते, हे लेखक उपदेश न करता दाखवितो.

तथापि या ग्रंथात एक जागा अशी आहे, जेथे वाचकाचे मन अडखळते. ऑगस्टीन यांच्यासोबत एक स्त्री बरीच वर्षे राहिली. त्यांचा पुत्र अदेओदातस तिच्या पोटी जन्मला. प्रतिष्ठित विवाहासाठी तिला आफ्रिकेत परत धाडण्यात आले. पुन्हा कोणा पुरुषाचा संग न करण्याचे व्रत घेऊन ती गेली. मुलगा मागे राहिला. आपले हृदय रक्तबंबाळ झाल्याचे लेखक सांगतो, आणि वाग्दत्त वधू वयात येईपर्यंत आपण दुसरी स्त्री जवळ केली, हेही लपवीत नाही. पण त्या पहिल्या स्त्रीचे नाव तो देत नाही. पुढे पित्यासह पुत्राचाही स्नानसंस्कार झाला. आईला ते कळले की नाही, ग्रंथ बोलत नाही.

अशा वेळी मराठी वाचकाला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आठवल्यावाचून राहत नाहीत. १८९५ मध्ये ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या वियोगाचे कारण सर्वस्वी वेगळे होते. परंतु तेथे मागे राहिलेली पत्नी स्वतः बोलते. ‘कन्फेशन्स’मध्ये मागे राहिलेल्या स्त्रीला वाणी नाही. ग्रंथाच्या थोरवीला याने बाध येत नसला तरी ही उणीव नोंदविली पाहिजे. देवाची क्षमा मिळाली म्हणून ज्याला दुखविले त्याचे देणे फिटत नाही.

ग्रंथाचे सर्वांत मोठे धैर्य दहाव्या भागात आहे. परिवर्तनाची कथा संपली असताना हा बिशप वर्तमानकाळातील स्वतःची तपासणी करतो : स्वप्नांत परतणाऱ्या जुन्या प्रतिमा, अन्नाची गोडी, लोकस्तुतीची हाव. स्मृती त्याला विस्तीर्ण कोठारासारखी भासते. तेथील काहीही फेकून दिलेले नाही. सारे परमेश्वरासमोर उघडे ठेवले आहे, इतकेच. मुक्ती म्हणजे विसर नव्हे. आपल्या कृत्याकडे निराश न होता पाहता येणे, ही ती मुक्ती होय.

आपल्या धर्मग्रामांतही दारू सोडलेला एखादा गृहस्थ सभेत उभा राहून साक्ष देतो. आपण टाळ्या वाजवितो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच सभेत मागच्या बाकावर त्याची पत्नी बसलेली असते. ऑगस्टीन यांचा ग्रंथ मिटताना त्या बाकाकडे नजर वळली, तर तो नीट वाचला असे म्हणता येईल.