सात, अडतीस आणि पंचावन्न

अध्यापन कौशल्याच्या शिबिरांत फळ्यावर अनेकदा एक वर्तुळ काढले जाते आणि त्याचे तीन भाग पाडले जातात : शब्द ७ टक्के, आवाज ३८ टक्के, देहबोली ५५ टक्के. आपल्या बोलण्याचा ९३ टक्के अर्थ शब्दांबाहेर असतो, असे सांगितले जाते आणि शिक्षक ते वहीत उतरवून घेतात. हे आकडे सर्वदूर पोचले ते अल्बर्ट मेहराबियन यांच्या ‘सायलेंट मेसेजेस’ (१९७१) या छोट्या पुस्तकामुळे. पुस्तकात जे आहे आणि त्याच्या नावावर जे खपते, त्यांत मात्र बरेच अंतर आहे.

मेहराबियन हे लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. १९६७ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर दोन प्रयोग प्रसिद्ध केले. पहिल्यात जिव्हाळ्याचे, तटस्थ आणि नावडीचे असे एकूण नऊ सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले. दुसऱ्यात शब्द एकच, ‘मेबी’, म्हणजे ‘कदाचित’. तो ध्वनिफितीवर ऐकवताना सोबत चेहऱ्याची छायाचित्रे दाखवली. विचारले एवढेच, की बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही? पहिल्या प्रयोगात शब्द आणि आवाज यांची तुलना होती, दुसऱ्यात आवाज आणि चेहरा यांची. तिन्ही गोष्टी एकत्र कुठेच मोजल्या नव्हत्या. दोन्हींचे निष्कर्ष जोडून ७, ३८ आणि ५५ हे आकडे काढले गेले. हातवारे, उभे राहण्याची ढब यांचा तर या प्रयोगांशी संबंधच नव्हता. ५५ हा आकडा चेहऱ्याचा आहे, देहबोलीचा नव्हे!

या सूत्राची मर्यादा भावना व आवडनिवड यांपुरतीच आहे, हे मेहराबियन यांनी पुढे स्वतःच स्पष्ट केले. तरीही दोषातून पुस्तक पूर्णपणे सुटत नाही. आवडीसारखी गोष्ट बेरजेच्या समीकरणात मांडली, की वाचक समीकरण लक्षात ठेवतो आणि ‘आवड’ हा शब्द विसरतो. तोच शब्द गळाला की सूत्र हास्यास्पद होते. नाहीतर तमिळ न येणाऱ्या माणसाला तमिळ व्याख्यान ९३ टक्के समजले असते आणि ओहमचा नियम नुसत्या चेहऱ्याने शिकवता आला असता.

शिबिरातली ही चूक वर्गात येते तेव्हा ती निरुपद्रवी राहत नाही. ‘देह खोटे बोलत नाही’ असे एकदा मनात बसले, की खाली मान घालून उभा असलेला मुलगा बोलण्याआधीच दोषी ठरतो. खोटे बोलणारा नजर चुकवतो, ही समजूत ५८ देशांतल्या लोकांना विचारलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सर्वांत जास्त आढळली. पण बेला डीपाउलो व सहकाऱ्यांनी २००३ साली अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नजरभेटीचा आणि खोटे बोलण्याचा जवळजवळ काहीच संबंध दिसला नाही. वागण्या-बोलण्यावरून खरे-खोटे ओळखण्यात माणसे सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर येतात, असा बाँड आणि डीपाउलो यांचा २००६ सालचा निष्कर्ष आहे. नाणे उडवले तरी ५० टक्के मिळतात. शिवाय आपल्याकडे मोठ्यांसमोर नजर खाली ठेवावी, असेच मुलांना कित्येक घरांत शिकवले जाते. घरी ज्याला अदब म्हणतात, त्याची शाळेत शिक्षा व्हावी काय?

तरीही हे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात असावे. माणसे आवडत्या गोष्टीकडे झुकतात, नावडत्यापासून दूर सरतात, हे त्यातले निरीक्षण साधे पण उपयोगी आहे. शब्द एक आणि सूर दुसरा असे परस्परविरोधी संदेश आपण कसे देतो, याबद्दलचे लेखन तर शिक्षकांनी मुद्दाम वाचावे. तोंडाने ‘शाब्बास’ म्हणायचे आणि नजर मात्र पुढच्या वहीकडे वळलेली, यातले काय खरे मानायचे हे मुलांना शिबिराशिवायच कळते.