एकाच जागी पुन्हा पुन्हा

शाळेची निसर्गसहल ठरवताना जागा दरवर्षी नवी हवी असा आपला आग्रह असतो. गेल्या वर्षी अभयारण्य पाहिले, यंदा धरण पाहू. १९४९ साली प्रसिद्ध झालेले आल्डो लिओपोल्ड यांचे ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ हे पुस्तक याच्या नेमके उलट सांगते. पर्यावरणविचारातील हा एक मान्यवर ग्रंथ. शिक्षकांनी तो वाचावा, पण डोळसपणे वाचावा, असे आम्हांस वाटते.

लिओपोल्ड अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक होते. १९३५ साली त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठचे एक टाकून दिलेले शेत विकत घेतले. जमीन रेताड, कस गेलेला, घर जळून गेलेले. कोंबड्यांचे एक खुराडे तेवढे शिल्लक होते. तेच साफसूफ करून पत्नी व पाच मुलांसह ते शनिवार-रविवारी तेथे राहू लागले. पाइनची हजारो रोपे लावली, पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घातली, कोणते फूल कोणत्या तारखेला उमलले ते वहीत टिपले. सहल आणि जमिनीची राखण ही त्यांच्या लेखी वेगळी कामे नव्हतीच.

पुस्तकाचा पहिला भाग म्हणजे या शेतावरचे बारा महिने. वीज पडून मेलेला ओक करवतीने कापताना लिओपोल्ड एकेका वलयाबरोबर मागे जातात आणि त्या त्या वर्षी राज्यातील रानांचे व प्राण्यांचे काय झाले ते सांगतात. आपण वर्गात दोन मिनिटांत उरकतो ती वार्षिक वलये येथे इतिहासाची पाने होतात. दुसरे एक प्रकरण ६५२९० या क्रमांकाच्या चिकॅडी पक्ष्याचे आहे. दहा वर्षांत कडी घातलेल्या ९७ चिकॅडींपैकी पाच हिवाळे तगलेला हा एकटाच. एका दिवसाच्या सहलीत हे कळणे शक्य नव्हते.

या नोंदींचे मोल पुढे आणखी वाढले. लिओपोल्ड यांच्या मुलीने तेथेच पुन्हा नोंदी घेतल्या. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात ६१ वर्षांच्या कालखंडातील वसंत ऋतूच्या ५५ घटना तपासल्या गेल्या. त्या सरासरीने दरवर्षी ०.१२ दिवस अलीकडे सरकत होत्या. म्हणजे दहा वर्षांत सुमारे सव्वा दिवस. हवामानबदलाचा हा पुरावा एका कुटुंबाच्या वह्यांतून निघाला.

आमचा आक्षेप शेवटच्या भागाविषयी, म्हणजे भूमीविषयीच्या नीतीची मांडणी करणाऱ्या गाजलेल्या निबंधाविषयी आहे. त्यातील निरीक्षण अचूक आहे. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्यांना मृदासंधारणासाठी मजूर व साहित्य फुकट देऊ केले गेले. पाच वर्षांचा करार संपताच बहुतेक उपाय विस्मरणात गेले. हाती रोख फायदा देणारे तेवढे टिकले. १९३७ च्या कायद्याने जमीन वापराचे नियम स्वतः लिहिण्याची मुभा दिली. दहा वर्षांत एकाही काउंटीने एक नियम लिहिला नाही. आपल्याकडे वृक्षारोपणाचा फोटो निघतो आणि वैशाखात रोपे वाळून जातात, तेव्हा हीच गोष्ट घडत असते.

यावर लिओपोल्ड यांचे उत्तर आहे ते माणसाच्या सदसद्विवेकाचे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. लिओपोल्ड स्वतःच्या मालकीच्या शेतावर निर्णय घेत होते. तेथे कोणाची गुरे अडवायची नव्हती, कोणाचे सरपण बंद करायचे नव्हते. आपल्या गावातली गायराने, ओढे, देवराया सामाईक आहेत. तेथे एकट्याच्या विवेकाने भागत नाही. सर्वांनी मिळून ठरवावे लागते, आणि ठरवण्याचा अधिकारही असावा लागतो.

हा राहिलेला धडा गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने गिरवला आहे. तेथे अभ्यासगट माहिती मिळवतो, चर्चा करतो. निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ पासून ग्रामसभेला आपल्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देता येऊ लागला. लिओपोल्ड यांच्या पुस्तकाबरोबर मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ वाचले, तर एकाची उणीव दुसरे भरून काढते.

शिक्षकांना आमचे सांगणे एवढेच, की शाळेपासून चालत जाता येईल असा एखादा ओढाकाठ किंवा माळाचा तुकडा निवडा. महिन्यातून एकदा तेथेच जा. पळस कधी फुलला, पाणी कधी आटले, हे तारखेसह लिहा आणि वही पुढच्या वर्गाच्या हाती द्या. त्याबरोबर आणखी दोन प्रश्न मुलांना विचारू द्या: ही जमीन कोणाची, आणि तिच्याविषयी कोण ठरवते? उत्तरे शोधत मुले ग्रामसभेच्या दारापर्यंत गेली, तर ती सहल वाया गेली असे आम्ही म्हणणार नाही.