ध्रुवित झोताचे संगणकीय प्रतिमान : कुलाब्यातील एका प्रयोगाच्या निमित्ताने

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दीपक माथुर व त्यांच्या सहकाऱ्यांचा २००४ सालचा शोधनिबंध आजही पुन्हा वाचावा असा आहे. अतिशय लहान बिंदूवर एकवटलेल्या अवरक्त लेसर झोताने, म्हणजे 'प्रकाशीय चिमट्या'ने, त्यांनी तांबड्या रक्तपेशी पकडल्या. रेषीय ध्रुवित प्रकाशात निरोगी पेशी फिरली नाही. हिवतापाच्या परजीवीने ग्रासलेली मात्र फिरू लागली.

रेषीय ध्रुवित झोतापाशी स्वतःचे परिवलन नसते. मग हे फिरणे आले कोठून? पेशीच्या बिघडलेल्या आकारातून, की नाभीजवळील क्षेत्राच्या रचनेतून? संगणकीय प्रतिमानाची खरी कसोटी येथे लागते. पदव्युत्तर प्रकल्पांतून जी प्रतिमाने आढळतात ती प्रस्तुत लेखकाच्या मते येथेच तोकडी पडतात.

त्यांत झोत सर्वसाधारण गाउसीय मानला जातो आणि किरण अक्षालगतच राहतात असे गृहीत धरले जाते. परंतु १.३ न्यूमेरिकल अपर्चरच्या तैलनिमज्जित भिंगातून कडेचे किरण सुमारे ५९ अंशांनी वळतात. या कोनाचे रेडियन-मूल्य १.०३, तर ज्या ०.८६ चपखलपणे त्याच्या जवळपास मानायची. म्हणजे २० टक्के चूक. याहून गंभीर बाब अशी की, किरण इतके वळले की विद्युतक्षेत्रही त्यांच्याबरोबर कलते, प्रसरणाच्या दिशेने त्याचा घटक निर्माण होतो आणि नाभीतील ठिपका ध्रुवणाच्या दिशेने लांबट होतो. अदिश प्रतिमानात हे काहीच दिसणार नाही. रिचर्ड्स व वोल्फ यांनी यासाठीची सदिश समाकले १९५९ सालीच मांडली होती. आज ती साध्या संगणकावर सहज सुटतात. तेव्हा साधनांच्या उणिवेची सबब टिकत नाही.

अर्थात लांबट ठिपका दांड्यासारख्या पेशीला एका दिशेत उभी करील, अखंड फिरवणार नाही. त्यासाठी पेशीकडून होणारे विकिरणही मोजावे लागेल. सुमारे ८ मायक्रोमीटरची पेशी १०६४ नॅनोमीटरसारख्या तरंगलांबीच्या सातआठ पट असते. तिला बिंदू मानणे चुकीचे, आणि केवळ किरणांवर विसंबणेही अपुरे. शिवाय काच व पाणी यांच्या सीमेवर नाभी विस्कटते, हे तर बहुधा विसरलेच जाते.

प्रकल्प तपासताना ध्रुवणाची दिशा ९० अंशांनी वळवून आलेख पुन्हा काढण्यास सांगावे. ठिपका वळला नाही, तर त्या आज्ञावलीत ध्रुवण घेतलेलेच नाही.